रेघेपर्यंत पाणी

पाणी मारणे हे माझे काम. सौसरहून बोरगावकडे जाताना रस्त्याच्या कडेला मुलींचे वसतिगृह बांधणे सुरू होते, तिथे मी दोन वर्षे होते. नवीन स्लॅब, नवीन कॉलम, नवीन प्लास्टर, सगळ्याला रोज पाणी पाजावे लागते, नाहीतर सिमेंट तडकते. याला आमच्याकडे तराई म्हणतात. स्लॅबवर मातीच्या बुटक्या पाळी घालून छोटी छोटी तळी करायची आणि ती आटू द्यायची नाहीत. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला एवढेच सांगितले होते, "पाणी खाली गेलं नाही पाह्यजे, बाई." दुसरे कोणी काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मला बोलायला जड जाते. बरोबरच्या बायका म्हणायच्या, हिला पाइप दिला की हिचे भागते, हिला माणूस लागत नाही.

दुसरा मजला चढला तेव्हा पांढुर्ण्याच्या एक इंजिनिअर मॅडम आल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. मला मावशी म्हणायच्या. त्यांच्या आधीचे इंजिनिअर कामात खोट दिसली की भिंतीवर खडूने फुली मारत, आणि ती फुली बहुतेक वेळा माझ्याच पाण्याने धुतली जाई. मॅडमनी खडू बंद केला. त्या मोबाईलवर इमारतीचा नकाशा उघडत, जिथे चूक असेल तिथे बोट टेकवत, आणि तिथे लाल ठिपका उमटे. मग त्या जागेचा फोटो, काय बिघडले ते दोन शब्दांत, आणि काम कोणाचे त्याचे नाव. तो ठिपका लगेच त्या माणसाच्या मोबाईलवर जाई. त्याने काम दुरुस्त करून फोटो टाकला की ठिपका पिवळा, आणि मॅडमनी येऊन पाहिले की हिरवा.

पंधरा दिवसांत सगळी साइट लाल-हिरव्यात बोलायला लागली. सकाळी चहाच्या टपरीवर नळफिटर पेंटरला विचारी, "तुह्ये किती लाल?"

"चार. तुह्ये?"

"नऊ."

"नऊ? अबे, गोवर झाला का?"

हा पेंटर रामाकोन्याचा. पन्नाशीचा असेल, अंगाने काटकुळा, तोंडाने मात्र रिकामा कधी नसे. मला तो वयनी म्हणे. मोबाईलची आणि माझी ओळख त्याच्यामुळेच झाली. एके दिवशी मी खोली झाडत होते, तो चढायच्या लाकडी घोडीवरून ओरडला, "वयनी, जरा इकडे ये. हा मोबाईल माह्या बोटाले ओळखतच नाही. पुट्टी लागली का म्हणते, तू कोण?"

मी हात पदराला पुसून मोबाईल घेतला. "कुठं दाबू जी?"

"तो क्यामेरा दिसते ना, त्याच्यावर. भिवू नको, चावत नाही."

मी फोटो काढला. त्या दिवसापासून त्याचे सगळे फोटो मीच काढू लागले. त्याचे पाहून फरशीवाल्यांचेही काढू लागले, कारण त्यांचे हातही सिमेंटचे. काम दोन मिनिटांचे, पण मोबाईल परत देताना मी जरा वेळ लावत असे. मला तो नकाशा पाहायचा असे.

आधी मला तो पटवाऱ्याच्या नकाशासारखा वाटला, शेताला शेत लागून असते तसे चौकोनाला चौकोन लागून. पण प्रत्येक चौकोनाच्या तोंडाशी वर्तुळाची एक फाक होती, भाकरीचा चतकोर असावा तशी. ती कशाची हे मला कळेना. विचारायची लाज वाटे. तीन-चार दिवस ती फाक माझ्या डोक्यात होती. मग एकदा दुपारी खोल्या रिकाम्या असताना मी एक दार हळूहळू उघडून पाहिले. दाराची कड फरशीवर जशी फिरत गेली, तशीच ती फाक होती. म्हणजे ते दार नव्हते, दाराचे फिरणे होते. मी दार पुन्हा लावले, पुन्हा उघडले. एकटीच हसत होते. त्या दिवशी घरी गेल्यावर मी माझे घर वरून कसे दिसेल याचा विचार करत बसले. एक चौकोन, एक फाक, बस.

त्यानंतर मी पायऱ्या ओळखल्या, खिडक्या ओळखल्या, पाण्याचा पाइप कुठून खाली येतो ते ओळखले. बोटाने पान सरकवले की वरचा मजला येई. दोन्ही मजल्यांचे चौकोन एकावर एक बसतात हेही माझ्या ध्यानात आले. जिना दोनदा वळतो, म्हणून चालताना कळत नाही कोण कोणाच्या डोक्यावर आहे. नकाशात कळते.

उन्हाळा लागता लागता खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत ओल आली. छताजवळ, परातीएवढा डाग, रंगाला फोड. मॅडमनी ठिपका टाकला, पेंटरच्या नावाने. त्याने खरवडले, पुट्टी भरली, रंग मारला, मी फोटो काढला, ठिपका हिरवा झाला. आठ दिवसांनी डाग परत. पुन्हा लाल. पुन्हा त्याने तेच केले. पुन्हा डाग.

मॅडम वैतागल्या. "भाऊ, तुम्ही ओल्या भिंतीवर पुट्टी मारून राहिले का?"

"नाही जी. भिंत कोरडी होती. वयनीले विचारा."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी नुसती मान हलवली.

"वरतून पाणी येऊन राहिलं असंल, मॅडम," पेंटर म्हणाला. "वर बाथरूम आहे."

"वरच्या बाथरूमची टेस्ट झाली आहे. तीन दिवसांचे फोटो आहेत. तो ठिपका हिरवा आहे." मॅडमनी मोबाईल त्याच्यासमोर धरला. फोटोपुढे काय बोलणार?

त्या मोबाईलची एक गोष्ट अशी होती की एखादा ठिपका तीनदा लाल झाला की तो आपोआप ठेकेदाराकडे जाई. ठेकेदार नागपुरात राही. त्याचा फोन आला. शनिवारी येतो, तोवर दुसरा पेंटर पाहून ठेवा. इतकेच नाही. पांढुर्ण्याला त्याचेच दुसरे मोठे काम सुरू व्हायचे होते, आणि आमचा पेंटर वर्षभर त्याच कामाच्या आशेवर होता. साइटच्या सुपरवायझरने टपरीवर सगळ्यांसमोर सांगून टाकले, "पांढुर्णा विसर आता. तुह्या नावावर तीन लाल आहेत."

पेंटर म्हणाला, "माह्या लग्नाच्या वक्ताले बी एवढी चौकशी झाली नव्हती." सगळे हसले. तो स्वतः हसला नाही, कप ठेवून उठला.

त्याच दुपारी मी मॅडमच्या बरोबर खोल्या दाखवत फिरत होते. कोणत्या धुऊन झाल्या, कोणत्या राहिल्या. मग मॅडम पायरीवर बसून मोबाईलमध्ये ते तीन दिवसांचे फोटो पुन्हा पाहू लागल्या. मी मागून पाहिले. बाथरूम होते, फरशी बसायच्या आधीचे. खड्ड्यात पाणी, दारात सिमेंटची पाळ, आणि भिंतीवर निळ्या पेन्सिलीची एक रेघ. पाणी रेघेला टेकलेले. दुसरा फोटो तसाच. तिसरा तसाच. मला राहवले नाही.

"ही रेघ कायची जी?"

मॅडम चमकल्या. मी कधी काही विचारत नसे. त्यांना बरे वाटले असावे, जरा सरकून त्यांनी मला बसायला जागा केली. "हे पाहा मावशी. बाथरूम गळते का नाही, ते फरशी लावायच्या आधी पाहतात. खड्डा पाण्याने भरायचा, रेघ मारायची आणि तीन दिवस सोडून द्यायचं. गळत असलं तर पाणी रेघेच्या खाली जाते. रेघेवरच राहिलं तर पास. यात पाहा, तिसऱ्या दिवशीही रेघेवरच आहे."

मी हो म्हटले.

ते पाणी मी भरले होते. सुपरवायझरने सांगितले होते, सहाही बाथरूममध्ये रेघेपर्यंत पाणी भर. मी भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर कुठे बोटभर, कुठे दोन बोटे पाणी खाली गेलेले. मी पाइप घेतला आणि पुन्हा रेघेपर्यंत भरले. तिसऱ्या दिवशी पण. मी साइटवर सगळ्यांच्या आधी येते. सुपरवायझर आठ वाजता येऊन फोटो काढी, तोपर्यंत माझे भरणे आटोपलेले असे. दोन वर्षे मी एकही तळे आटू दिले नव्हते. ती रेघ मला माझ्यासाठीच मारलेली वाटली होती, की बाई, इथपर्यंत ठेव.

मॅडमना तेव्हाच सांगायला हवे होते. मी झाडू घेऊन उठले.

संध्याकाळी सुपरवायझर एकटा दिसला तेव्हा त्याला सांगितले. काम त्याने दिले होते, म्हणून आधी त्याला. त्याने कपाळाला हात लावला. मग इकडेतिकडे पाहून म्हणाला, "हे पाय, जे हिरवं झालं ते झालं. वर टाइल्स लागल्या. आता कोण फोडते? तू काही बोलू नको. तशी बी तू बोलतच नाहीस."

"पण पेंटरभाऊचं काम जाऊन राहिलं ना."

"त्याले दुसरं भेटंल. आणि त्या बाथरूममुळंच ओल आहे, हे तुले काय माहीत? तू इंजिनिअर आहे का?"

मी इंजिनिअर नव्हते, हे खरे. आणि त्याचा प्रश्नही मला बरोबर वाटला. खरेच, मला काय माहीत? पाणी खाली गेले होते, पण सिमेंटही पाणी पिते, उन्हानेही उडते. घरी जाताना मी तोच विचार करत होते. भीती होती, पण त्याहून जास्त मला ते जाणून घ्यायचे होते.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी मी त्या कोपऱ्यातल्या खोलीच्या वरच्या बाथरूममध्ये गेले. पाणी जाते त्या जाळीच्या भोकात प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेली चिंधी घट्ट कोंबली. पेन्सिल नव्हती. पाकिटातल्या दोन टिकल्या काढल्या. एक बाथरूमच्या भिंतीच्या टाइलवर खाली चिकटवली आणि तिच्या खालच्या कडेला टेकेल इतके पाणी सोडले. दारातली दगडी पट्टी ते अडवत होती. मग वाटले, लोक म्हणतील उन्हाने उडाले. म्हणून शेजारीच एक घमेले ठेवले, त्यातही पाणी भरले आणि आतून पाण्याला टेकेल अशी दुसरी टिकली लावली. ऊन असेल तर दोघांनाही लागेल. दार लावून घेतले.

जिन्यात पेंटर भेटला, हातात रंगाची बादली. रोजच्यासारखा बादली आणि ब्रश धुवायला त्याच बाथरूममध्ये निघाला होता.

"आज खाली धुवा जी," मी म्हटले.

"काऊन? वर कोण आहे?"

"कोणी नाही."

त्याने बादली दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "वयनी, तू दोन वर्षांत मले एवढं मोठं वाक्य पहिल्यांदा बोलली. जातो खाली."

शुक्रवारी मी नेहमीपेक्षा लवकर आले. दार उघडायच्या आधी जरा थांबले. आत घमेल्यातले पाणी टिकलीच्या जवळच होते, फार तर नखभर खाली. बाथरूममधले पाणी दोन बोटे खाली गेले होते. एका बाजूला फरशी उघडी पडली होती. जाळीची चिंधी जशीच्या तशी घट्ट. मी खाली जाऊन कोपऱ्यातल्या खोलीतला डाग पाहिला. तो ओला चकचकीत होता आणि मधोमध एक थेंब लोंबत होता.

मला आधी आनंद झाला. लपवून काय करू, झाला. मला कळले होते. मग मॅडमची स्कूटी वाजली.

मी फाटकापर्यंत गेले. "मॅडम, वर या."

"काय झालं?"

"या ना."

सुपरवायझरही मागोमाग आला. मी दार उघडले आणि दोन्ही टिकल्या दाखवल्या. मॅडमनी आधी बाथरूममध्ये पाहिले, मग घमेल्यात, मग पुन्हा बाथरूममध्ये. त्यांना सांगावे लागले नाही. "हे तुम्ही केलं?" एवढेच त्यांनी विचारले.

मग मी सांगितले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, म्हणून दोनदा सांगावे लागले. की टेस्टच्या वेळी रोज सकाळी मी पाणी भरत होते. रेघेपर्यंत.

मॅडम पालथ्या बादलीवर बसल्या. "याच बाथरूममध्ये?"

"नाही जी. सहाही."

मग सुपरवायझर म्हणाला, "मी भर म्हटलं होतं, रोज भर असं कधी म्हटलं?"

"रोज भरू नको, असं बी नव्हतं म्हटलं," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते कसे निघाले मला माहीत नाही.

मॅडम त्याला म्हणाल्या, "आणि मी तुमचे फोटो पाहून पास केलं. खाली वाकून बोट बुडवून पाहिलं नाही." त्यांनी मोबाईल काढला. वरच्या मजल्याचे पान उघडले. सहा बाथरूमवर सहा हिरवे ठिपके होते. त्या एकेकावर बोट ठेवत गेल्या आणि ते एकेक लाल होत गेले. मी मोजत होते. मला वाटले होते की वर फरशी बसल्यावर हिरवे झालेले पुन्हा लाल होत नसेल.

एवढ्यात पेंटर वर आला. त्याला सगळे सांगितल्यावर तो उकिडवा बसून त्या पाण्याकडे पाहत राहिला. "म्हणजे मी रोज इथं बादली धुवो, ते पाणी खाली माह्याच भिंतीत जाय? मायबाप, माह्या डागाले मीच रोज दूध पाजून राहिलो." मग मला म्हणाला, "आणि तू पाहून राहिली?"

"मले परवाच समजलं, भाऊ."

"परवा समजलं तं परवाच सांगाव ना." त्याच्या आवाजात हसू नव्हते. तो गुरुवारी अख्खा दिवस कसा फिरत होता, ते मी पाहिले होते.

शनिवारी ठेकेदार आला. मॅडमनी त्याला वर नेले. आम्ही बायका जिन्याशी उभ्या. तो मोठ्याने बोलत होता, सहा बाथरूम परत, टाइल्स फोडा, तारीख पुढे गेली. मग खाली येऊन त्याने विचारले, "ये बताया किसने? कोणी सांगतलं?"

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या, पण त्यांनी नाव घेतले नाही. पेंटरही जमिनीकडे पाहत होता.

"मी," मी म्हणाले.

"आणि पाणी कोणी भरलं?"

"ते बी मीच."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. मला वाटले, आता उद्यापासून येऊ नको म्हणणार. पण तो पेंटरकडे वळला. "सुकू दे पूर्ण. मग लाव. पुन्हा फोड आला तर मात्र..." दुसऱ्या पेंटरची गोष्ट त्याने काढली नाही.

सहाही बाथरूममध्ये पुन्हा पाणी भरले. या वेळी मॅडमनी स्वतः रेघा मारल्या आणि मला प्रत्येक दारासमोर उभे करून म्हणाल्या, "मावशी, हात लावायचा नाही." ते तीन दिवस मला फार जड गेले. हातात पाइप आणि दार ओलांडून पुढे जायचे. दोन बाथरूम गळकी निघाली, चार चांगली होती. त्या दोन्हींच्या जाळीभोवतीची फरशी फोडून नळफिटरने पाइपचा सांधा पुन्हा बसवला. दुसऱ्या गळक्याच्या खालची खोली पेंटरने कधीच रंगवून हिरवी केली होती, तीही आता लाल झाली. त्यावर तो दिवसभर मला ऐकवत होता, पण आता त्याचे ऐकवणे पहिल्यासारखे झाले होते.

भिंत सुकायला बरेच दिवस लागले. मी रोज सकाळी आधी तिथे जाई. डागाची कड आत आत सरकत होती. एका बाजूने लवकर, एका बाजूने हळू. असे का, ते मला अजून समजलेले नाही. मॅडमना विचारले तर त्या म्हणाल्या, पाहावं लागेल. त्यांनाही माहीत नव्हते, याचे मला नवल वाटले.

शेवटी पेंटरने पुट्टी भरली, दोन हात रंग मारला, मी फोटो काढला. मॅडमनी या वेळी मोबाईल पाहायच्या आधी घोडीवर चढून भिंतीला तळहात लावला. मग आठ दिवस थांबून पुन्हा लावला. मग हिरवा केला.

त्याच आठवड्यात पेंटर पांढुर्ण्याला, ठेकेदाराच्या नव्या कामावर गेला. घोडी, बादल्या, ब्रश सगळे ऑटोत भरून, स्वतः कसाबसा कडेला बसून. मी फाटकाशी रस्त्यावर पाणी शिंपडत होते. ऑटो सुरू झाली तेव्हा त्याने डोके बाहेर काढून ओरडून सांगितले, "वयनी, पांढुर्ण्याले तराईले बाई पाह्यजे म्हणते! येशील तं येजो, पण पाणी टाकाच्या आधी मले विचारजो!"

"विचारीन," मी म्हणाले. तो किती लांब गेला होता, त्याला ऐकू गेले की नाही माहीत नाही.